अपर्णाबाईंचा गळा

गोटमारीच्या दिवशी पांढुर्ण्यात कोणी पाहुणा बोलावत नाही. जाम नदीच्या अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव एकमेकांना दगडांनी भेटत असतात, दुकानं बंद असतात, दवाखाना तेवढा उघडा असतो. हे मुंबईच्या महासंघाला कोण सांगणार? त्यांच्या कॅलेंडरात तो दिवस कोरा होता, म्हणून आपलं माणूस पाठवायला त्यांनी नेमका तोच धरला. मग गौतमने फोन करून ‘घरगुती कारणास्तव’ जागा तेवढी बदलून घेतली आणि पोळा फुटल्याबरोबर आई-वडिलांना गाडीत घालून धाकट्या भावाकडे, प्रफुल्लकडे, सौसरला आणून टाकलं.

महासंघ म्हणजे अखिल भारतीय ध्वनिमुद्रण उद्योग महासंघ. देशातल्या गाणी विकणाऱ्या समस्त कंपन्यांची ही संघटना. कोणतं गाणं कोणाचं, ते वाजवायला कोणाची परवानगी लागते आणि न विचारता वाजवलं तर वाजवणाऱ्याला कुठवर ओढायचं, हे तिथं ठरतं. गाणं चांगलं की वाईट एवढं मात्र तिथं कोणी ठरवत नाही. त्याच्या वडिलांची, म्हणजे रघुनाथरावांची, जाम कॅसेट कंपनी या महासंघाची सभासद होती आणि कंपनी गौतमच्या हाती आल्यापासून त्याचा जीव महासंघाच्या कार्यकारिणीत अडकला होता. मध्य विभागाची एक जागा रिकामी होती. त्या जागेसाठी गौतमने टायसुद्धा घेऊन ठेवला होता.

त्यात यंदा महासंघाने प्रत्येक राज्यातून एकेका लोकगायकाचा दिल्लीत सत्कार करायचं काढलं. मध्य प्रदेशातून जाम कंपनीचं हळदीचं गाणं निवडलं गेलं. छिंदवाड्यापासून वर्ध्यापर्यंत या गाण्याशिवाय नवरीला हळद चढत नाही. कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली, गाणं फोनमध्ये जाऊन बसलं, पण गायिकेचं नाव तेच राहिलं. कुमारी अपर्णा.

अपर्णाबाई म्हणजे रघुनाथरावांची धाकटी बहीण. तिला गाता येत नाही.

गाणं गायलं होतं मनकर्णाबाईंनी, म्हणजे रघुनाथरावांच्या बायकोने. गौतम तेव्हा पाळण्यात होता. त्या काळी पांढुर्ण्याहून काहीही पाठवायचं तर बसच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची रीत होती. रघुनाथरावांनी एका सकाळी दोन पुडकी दिली. एकात बहिणीचा दाखवायचा फोटो, मागे नाव लिहिलेला, मोहगावच्या स्थळासाठी. दुसऱ्यात गाण्याची टेप, नागपूरच्या कॅसेटवाल्यासाठी. ड्रायव्हरने दोन्ही पुडकी प्रामाणिकपणे पोचवली, फक्त उलटी. नागपूरवाल्याने फोटो पाहिला, मागचं नाव वाचलं आणि ढीगभर कव्हरं छापून टाकली. मोहगाववाल्यांनी टेप ऐकली, मुलगी न पाहताच होकार कळवला आणि टेप नागपूरला धाडून दिली. 

चूक दुरुस्त करता आली असती. पण मनकर्णाबाईंचे सासरे जिवंत होते. सुनेचा आवाज पानठेल्यावर वाजणार हे त्यांना पचलं नसतं. मुलीचा पचला, कारण लग्न जमलं होतं. रघुनाथराव म्हणाले, ‘पुढच्या खेपेला नाव बदलू.’ ती खेप अजून यायची होती.

मोहगावचे भाऊराव तेव्हापासून गायिकेचे पती होते. सोसायटीच्या सचिवपदावरून ते निवृत्त झाले, पण या पदावरून नाही. घराच्या फाटकावर त्यांनी ‘सुप्रसिद्ध गायिका सौ. अपर्णा’ अशी पाटी लावली होती. लग्न झाल्यावर पहिल्याच नवरात्रात सासूने गायला सांगितलं तेव्हा अपर्णाबाईंनी गळा धरला. तो गळा त्यांनी अजून सोडला नव्हता. मे महिन्यातही त्या मफलर बांधत. अशा थोर गळ्याची माती झाली म्हणून सगळं मोहगाव हळहळत असे.

तर अशी परिस्थिती होती आणि सौसरच्या स्वयंपाकघरात मनकर्णाबाई पाटवडीचं बेसन घोटत होत्या.

“आई, फक्त दोन ओळी,” गौतम दाराशी उभा राहून म्हणाला. “त्या मॅडम मुंबईवरून येऊन राहिल्या. कॅमेऱ्यासमोर गायिकेनं गायलं पाहिजे, असा नियमच आहे. आत्या सोफ्यावर बसन. तू पडद्यामागून म्हण.”

“आणि तोंड?”

“तोंड आत्या हालवन. मफलर आहे ना तिच्यापाशी.”

मनकर्णाबाईंनी कढईतलं उलथणं बाजूला ठेवलं. “आणि मी गायलं असं सांगितलं तर का होईन?”

“तर कंपनीनं खोटं नाव नोंदवलं असं होईन. माझी जागा जाईन. आणि आई, चौकशी होईस्तोवर गाणं बंद करतात ते. सगळीकडून. फोनमधून, रेडिओवरून, लॉनवरून.”

प्रफुल्ल मागून आला. त्याचं सौसरला लग्नाचं लॉन होतं आणि दर सीझनला महासंघाची माणसं त्याच्याकडे येऊन ‘हे गाणं कोणाला विचारून वाजवलं’ असं विचारत. त्यामुळे महासंघ आणि सभासद असलेला भाऊ यांच्यात तो फारसा फरक करत नसे.

“काऊन लपवायचं?” तो म्हणाला. “आईचं गाणं आहे, आईचं नाव लागलं पाहिजे. तुले खुर्ची पाहिजे म्हणून आईनं पडद्यामागं बसायचं?”

“बरोबर बोलून राहिले हे,” छाया म्हणाली. ही प्रफुल्लची बायको. नवरा बरोबर बोलतोय असं तिने म्हटल्याला बराच काळ झाला असावा, कारण प्रफुल्लच जरा चमकला.

“मी कार्यकारिणीत गेलो ना,” गौतम शांतपणे म्हणाला, “तर लॉनवाल्यांच्या परवानग्यांचं काम माझ्याकडं येते.”

प्रफुल्लने कढईत डोकावून पाहिलं.

“म्हणजे आईचंच गाणं राहीन ना शेवटी,” प्रफुल्ल म्हणाला. “नाव का, नाव कोणाचंही असो. ऐकणारा थोडी नाव ऐकते?”

मनकर्णाबाईंनी छायाकडे पाहिलं. छायाने मान हलवली, म्हणजे मी तुमच्याच बाजूने आहे. ही बाजू अपर्णाबाई येईपर्यंत टिकली.

अपर्णाबाई मोहगावहून आल्या त्या थेट आत आल्या, मफलरसकट. भाऊराव बाहेर मेहुण्याजवळ बसले आहेत याची खात्री करून त्यांनी मनकर्णाबाईंचे दोन्ही हात धरले. बेसन त्यांच्याही हाताला लागलं.

“वैनी, माह्यं घर तुमच्या हातात आहे.”

“माह्या हातात बेसन आहे. बस आधी.”

“तुम्ही हसून राहिल्या. यांनी साऱ्या मोहगावाले दिल्लीचं सांगून ठेवलं. हार कोणता घालतात, शाल कोणती देतात, सारं विचारून झालं. आता जर समजलं का, का मी... का मले सूरसुद्धा कळत नाही...” त्या रडायला लागल्या. रडतानाही सवयीने त्यांचा एक हात गळ्यावर होता. “चाळीस वर्षं झाली वो. इतक्या उशिरा कोणी बायकोले फसवी म्हणलं तर कुठं जाते बाई?”

छायाने त्यांना पाणी दिलं. मग पाठीवरून हात फिरवला. मग मनकर्णाबाईंकडे वळून म्हणाली, “आई, दोनच तर ओळी आहेत.”

मनकर्णाबाई पुन्हा बेसन घोटू लागल्या. गाण्यावर आपलं नाव हवं आहे हे त्यांना नेमकं पोळ्याच्या आदल्या दिवशी कळलं होतं, गौतमच्या तोंडून ‘सत्कार’ हा शब्द ऐकला तेव्हा. त्याआधी त्या इतकी वर्षं बिनधास्त जगल्या होत्या. लग्नघरी आपला आवाज लागला की त्या शेजारच्या बाईला पान वाढायला सांगत आणि स्वतः हळदीचा हात धुवायला उठत. कोणी म्हणे, ‘मनकर्णाबाई, तुमच्या नणंदेनं का गायलं वो!’ त्या म्हणत, ‘हाव ना.’ हे ‘हाव ना’ त्यांना कधी जड गेलं नव्हतं. गेल्या दोन दिवसांपासून मात्र ते घशातून खाली उतरत नव्हतं, आणि मफलर त्यांच्याकडे नव्हता.

“अपर्णा, रडू नको,” त्या म्हणाल्या. “म्हणते मी.”

महासंघाच्या तेजस्विनी मॅडम दुपारी आल्या. वयाने लहान, बोलायला गोड, आणि बूट दाराबाहेर काढणाऱ्या निघाल्या, त्यामुळे घरात त्यांच्याबद्दल लगेच बरं मत झालं. त्यांनी पाटवडी दोनदा घेतली. पांढुर्ण्याला आज नेमकं काय असतं हे त्यांनी विचारलं. भाऊरावांनी ते सविस्तर सांगितल्यावर त्यांनी ‘अच्छा’ म्हणून विषय बदलला.

“माफ करा, हा गाऊन दाखवण्याचा त्रास तुम्हाला द्यावा लागतोय,” त्या म्हणाल्या. “पण गेल्या वर्षी आमची फार पंचाईत झाली. एका गायकाचा सत्कार जाहीर केला, पत्रिका छापल्या, आणि नंतर कळलं की तो गायक संगणकाने तयार केलेला होता. हार घालायला मानच नव्हती.”

“इथं मान आहे,” भाऊराव अभिमानाने म्हणाले आणि बायकोच्या मफलरकडे हात केला.

बैठकीची मांडणी गौतमने केली होती. सोफा स्वयंपाकघराच्या दाराला पाठ करून, अगदी पडद्याला टेकून. समोर मॅडमचा फोन तीन पायांच्या दांडीवर. बाजूच्या आरामखुर्चीत रघुनाथराव. त्यांना हल्ली कमी ऐकू येत असे, त्यामुळे या सगळ्या खटपटीत त्यांचं मत कोणी घेतलं नव्हतं. पडद्यामागे पाटावर मनकर्णाबाई. पडद्याच्या फटीतून त्यांना नणंदेचा अंबाडा दिसत होता, त्यापलीकडे मॅडमचा चेहरा आणि त्याच्याशेजारी भाऊरावांचा. भाऊराव डोळे मिटून बसले होते, गाणं सुरू व्हायच्या आधीच.

“आत्याचा गळा नाजूक आहे,” गौतम म्हणाला. “तोंडावरून मफलर काढणार नाही ती.”

“चालेल,” मॅडम म्हणाल्या.

अंबाडा जरासा हलला. ती खूण होती. मनकर्णाबाईंनी सुरुवात केली.

*हळद लागली, नवरी लाजली,*
*जामच्या पाण्यात बांगडी वाजली.*

आवाज जुना झाला होता. तांब्याच्या भांड्याला आतून राप चढावा तसा. वरच्या सुराला तो पूर्वीसारखा पळत गेला नाही, पदर सावरून चालत गेला, पण पोचला. मॅडमनी खुर्चीत पाय जवळ घेतले. रघुनाथरावांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. प्रफुल्ल लॉनचा हिशेब विसरला असावा, कारण त्याचं तोंड उघडं होतं आणि अपर्णाबाईंचं मफलरमागे चालू होतं, अशी एकूण अदलाबदल झाली होती.

दोन ओळींच्या चार झाल्या, चारांचं पूर्ण गाणं झालं. थांबवायचं कोणाला सुचलं नाही.

“वा,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांना नोकरी आठवली. “एक शेवटची गोष्ट. रेकॉर्डिंगमध्ये आहे ते यंत्रालासुद्धा म्हणता येतं. रेकॉर्डिंगमध्ये नसलेलं एखादं कडवं असेल ना, तुमच्याकडच्या गाण्यांना असतंच म्हणतात, ते म्हणा. म्हणजे माझं काम संपलं.”

ते कडवं होतं. आमच्याकडे हळदीच्या गाण्यात शेवटचं कडवं गाणारीचं असतं. साऱ्या गाण्यात ती नवरीचं, नवऱ्याचं, सासू-सासऱ्यांचं कौतुक करते आणि शेवटी एका ओळीत आपलं नाव घालून बाजूला होते. हे नाव घातल्याशिवाय हळदीचा हात धुवायचा नाही अशी चाल आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी रघुनाथरावांनी तेवढंच कडवं सोडायला लावलं होतं. सासरे बाहेर ओट्यावर बसले होते.

गौतम पाणी आणायच्या निमित्ताने पडद्याआड आला. तो आईच्या कानाशी वाकला.

“आई, म्हण ते कडवं. नाव तेवढं आत्याचं घाल. बसते. अपर्णा सांगे. मी म्हणून पाहिलं आता मनात, चांगलं बसते.”

मनकर्णाबाईंनीही म्हणून पाहिलं. बसत होतं. दोन्ही नावं त्या जागेत बसत होती, एक जरा ऐसपैस, दुसरं अंग चोरून. त्यांनी फटीतून नणंदेच्या अंबाड्याकडे पाहिलं. मफलरच्या वर मानेवर घामाचा एक थेंब उतरत होता. बिचारीने या गाण्यासाठी किती उन्हाळे लोकरीत काढले होते. मनकर्णाबाईंना तिची दया आली. अगदी मनापासून आली. दया येऊनही नाव हवंच होतं, याचंच त्यांना नवल वाटलं.

अंबाडा हलला.

*हळद कुटली, हात झाले पिवळे,*

मफलरमागची हालचाल सुराबरोबर होती. घरातलं मूल मूल ऐकत आलेलं कडवं होतं ते, अपर्णाबाईंनाही पाठ होतं. गौतमने काय सांगितलं तेही त्यांनी ऐकलं होतं. पुढच्या ओळीला त्यांचे ओठ ‘अपर्णा’साठी तयार झाले.

*मनकर्णा सांगे, मांगं वळू नको बाळे.*

अपर्णाबाईंचं तोंड तीन अक्षरांत मिटलं. आवाज आणखी पुढे चालत राहिला, ओळ संपवली, शेवटचा हेल घेतला आणि थांबला.

बैठकीत पंखा फिरत होता. मॅडमनी फोनकडे पाहिलं, मग अपर्णाबाईंकडे, मग त्यांच्या मागच्या पडद्याकडे.

“मनकर्णा कोण?”

गौतमने छताकडे पाहिलं. प्रफुल्लने गौतमकडे पाहिलं. छाया ताटल्या गोळा करू लागली, ज्या आधीच गोळा झाल्या होत्या. अपर्णाबाई नवऱ्याकडे न पाहता बसून राहिल्या.

“माझी बायको,” रघुनाथराव आरामखुर्चीतून म्हणाले. आवाज चढा, कमी ऐकू येणाऱ्यांचा असतो तसा. “आत आहे. तिचंच गाणं आहे ते. आज चांगलं म्हणलं, नाई का?”

जेवणात मीठ कुठे ठेवलंय हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. जे म्हणायला त्यांना वडिलांचं मरण, स्वतःचं म्हातारपण आणि निम्मं बहिरेपण लागलं, ते म्हणून झाल्यावर त्यांनी पाय लांब केले.

अपर्णाबाईंनी मफलर सोडला आणि मांडीवर घेतला. “खरं आहे,” त्या जमिनीकडे पाहून म्हणाल्या. “मी नाही गायलं जी. मले येत नाही.”

आता सगळे भाऊरावांकडे पाहू लागले. भाऊरावांनी डोळे उघडले.

“माहीत आहे ना,” ते म्हणाले. “पोरगं झालं तेव्हा अंगाई म्हणली होती हिनं. झोपलेलं पोरगं उठलं.”

“अवो!” अपर्णाबाई म्हणाल्या. “मंग इतकी वर्षं पाटी काऊन लावून ठेवली फाटकावर?”

“लोकं थांबून वाचतात,” भाऊराव म्हणाले. “आणि तू मफलरमध्ये चांगली दिसत होती. मले वाटलं तुले सांगायचं असन तेव्हा सांगशीन.”

अपर्णाबाईंना यावर रडावं की भांडावं हे ठरेना. त्यांनी मफलर नवऱ्याच्या अंगावर फेकला. भाऊरावांनी तो घडी करून ठेवला.

पडदा बाजूला झाला आणि मनकर्णाबाई बाहेर आल्या. पदराला बेसन होतं. मॅडम उठून उभ्या राहिल्या. काही क्षण त्या महासंघाच्या नव्हत्या, मग पुन्हा झाल्या.

“आजी, मी काय सांगते ते नीट ऐका. हे व्हिडिओत गेलंय. पण अजून मी कोणाला पाठवलेलं नाही. शेवटचं कडवं मी काढून टाकू शकते. मग नोंदीत आहे तेच नाव राहील, यांचा सत्कार होईल, गाणं चालू राहील. नाहीतर चुकीचं नाव नोंदवलं म्हणून वाद उभा राहतो. आणि वाद आहे तोवर नियमाप्रमाणे गाणं सगळीकडून काढावं लागतं. किती दिवस, ते मलाही सांगता येत नाही.”

“तुळशीच्या लग्नापासून सीझन सुरू होते,” प्रफुल्ल हळूच म्हणाला. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

“एवढ्या लग्नांत हळद तशीच लागन, आई,” गौतम म्हणाला. खुर्चीचा विषय त्याने काढला नाही. टाय त्याने सकाळीच घातला होता, तो आता त्याला काचत होता. “लोकं ऐकतात वो ते. तुझाच आवाज ऐकतात. तो बंद करशीन?”

हा प्रश्न मात्र खरा होता, आणि तो मनकर्णाबाईंनाही लागला. नाव घेतलं तर आवाज जातो. आवाज ठेवला तर नाव जातं. महासंघाने ही सोय कोणत्या बैठकीत केली असेल, याचा विचार करायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी अपर्णाबाईंकडे पाहिलं. मोकळ्या गळ्याच्या अपर्णाबाई कोणीतरी वेगळीच बाई दिसत होत्या. त्यांनी डोळ्यांनीच वहिनीला सांगितलं, सांगून टाका.

“काढा गाणं,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“पूर्ण विचार केलाय ना? लोकांना ऐकायला मिळणार नाही.”

“मी आहे ना. ज्याच्या घरी हळद असन त्यानं बोलवावं. फोनमधून नाही आलं गाणं, तर पांढुर्ण्यावरून बसनं येईन.”

गौतम खाली बसला. त्याने टाय सोडला. प्रफुल्लने त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. लॉनच्या परवानग्या बुडाल्या होत्या, हे लक्षात घेता एवढंही पुष्कळ होतं.

मॅडमनी बॅगेतून नोंदी करायचं छोटं यंत्र काढलं आणि बोटं तयार ठेवली. “ठीक आहे. मग वादाची नोंद करते. गायिकेचं पूर्ण नाव सांगा.”

“मनकर्णा.”

“पुढे? पतीचं नाव, आडनाव?”

रघुनाथराव आरामखुर्चीत जरा सरसावून बसले. मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माया होती त्या पाहण्यात, पण घाई नव्हती.

“तेवढंच लिहा,” त्या म्हणाल्या. “कॅसेटवर जागा कमी राहते.”